आधी पाय दाखवा

आमच्या मेडिकल कॉलेजात टेलिमेडिसिनचा कक्ष सुरू झाला तेव्हा लांबलचक टेबल, चाकांच्या खुर्च्या आणि भिंतीवर मोठा पडदा असा सगळा थाट होता. पाहुण्यांनी फीत कापली, पेढे खाल्ले, फोटो काढले आणि गेले. दुसऱ्या दिवशी मी कामावर गेले, तर टेबल आणि खुर्च्या व्हरांड्यात उन्हात उभ्या. पडदा भिंतीवरून उतरवून विटांवर टेकवलेला, समोर वसतिगृहातून आणलेली विटकी सतरंजी आणि तिच्यावर मांडी घालून बसलेले आमचे सर. रबरी चपला दाराबाहेर नीट जोडून ठेवलेल्या.

मी दारातच थबकले. सर म्हणाले, "पलीकडची माणसं भुईवर बसलेली असणार. आपण खुर्चीत बसलो की ती मान वर करून बोलतात. मान वर करून माणूस दुखणं सांगत नाही, अर्ज करतो. बस."

मी बसले. इस्त्रीचा पांढरा कोट घालून पुढची काही वर्षं मी त्या सतरंजीवर बसले आणि धुणंवाल्या बाईंच्या शिव्या खाल्ल्या.

पुढे एकदा तपासणी समिती आली. अधिष्ठाता त्यांना मोठ्या अभिमानाने कक्ष दाखवायला घेऊन आले आणि दार उघडून पाहतात तो सर भुईवर, पडद्यावर कुणाची तरी भेगाळलेली टाच आणि सर त्या टाचेशी अगदी आपुलकीने बोलताहेत. समितीतल्या एका बाईंना ते योगासनांचे शिक्षक वाटले. त्यांनी तसं विचारलंही. सर म्हणाले, "नाही, पण बसून बसून होईन."

सर मेडिसिन विभागाचे प्रमुख होते. मूळचे युसूफ वडगावचे, घरची कोरडवाहू शेती, शिक्षण पुण्यात. मोठ्या शहरात राहिले असते तर आतापर्यंत स्वतःचं हॉस्पिटल झालं असतं असं त्यांच्या बरोबरीचे लोक सांगायचे. सर मात्र मे महिन्यातही शर्टाचं गळ्याचं बटण लावून वॉर्डातून फिरत असायचे. त्यांच्याकडे दोन मराठी होत्या. आमच्यासाठी एक, पुस्तकी आणि खडूस. पेशंटसाठी दुसरी, वडगावची. मला "निदान कळत नसेल तर गप्प राहण्याची सवय लावून घ्यावी" असं सुनावून त्याच दमात मान वळवायचे आणि "काय मावशी, आज कावून तोंड उतरलंय?" असं विचारायचे. मला वाटायचं, आपणही एकदा आजारी पडावं, निदान गोड तरी बोलतील. पुढे मला टायफॉइड झाला तेव्हाही ते पुस्तकीच बोलले.

खोटं बोलणं त्यांना जमत नसे. तत्त्व वगैरे नव्हतं ते, जसं काहींना पोहता येत नाही तसं होतं. अधिष्ठात्यांच्या कार्यालयातून फोन आला आणि सरांना बोलायचं नसलं, तर क्लार्क बिचारा "सर नाहीत" म्हणायचा. आतून सरांचा आवाज यायचा, "आहे, पण बोलायचं नाही, असं सांगा." क्लार्क फोनवर हात ठेवून आमच्याकडे बघायचा. त्याला दरवर्षी बदली हवी असायची आणि ती काही मिळायची नाही.

आकड्यांच्या बाबतीत तर विचारूच नका. सरांच्या एका अभ्यासासाठी आम्ही गावोगाव जाऊन रक्तदाब मोजून आणायचो. आकड्याच्या शेवटी शून्य दिसलं की सर चष्मा कपाळावर चढवायचे. "एकशेचाळीस? एकशेबेचाळीस नव्हता? की दोन उचलून आणायला जड झाले?" त्यांचं म्हणणं असं की शून्य हा आकडा नसून आळस आहे. माणसाचं रक्त काही शून्य बघून थांबत नाही, मोजणारा थांबतो. एकदा एका ज्युनिअर मुलाला त्यांनी अशाच एका शून्यासाठी एसटीने परत शिरूर कासारला पाठवलं. तो दुसऱ्या दिवशी धुळीने माखून परत आला, पुन्हा एकशेचाळीसच घेऊन. सर उठून उभे राहिले. "म्हणजे माझंच चुकलं. माफ कर," म्हणाले आणि त्याला कॅन्टीनमध्ये नेऊन जेवू घातलं. तो मुलगा आजही ती गोष्ट मेडल मिळाल्यासारखी सांगतो.

आता तो अभ्यास काय होता ते सांगते. आमच्या जिल्ह्यातून दिवाळीच्या सुमाराला गावंच्या गावं ऊस तोडायला बाहेर पडतात. शिरूर कासारकडच्या काही वाड्यांत तेव्हा म्हातारी माणसं आणि कुत्री एवढंच उरतं. नवरा-बायको मिळून एक कोयता. तो तोडतो, ती मोळ्या बांधते. असे अनेक कोयते मिळून एक टोळी, टोळीचा एक मुकादम. साखर कारखान्याच्या तळावर पाचटाच्या झोपड्या, म्हणजे कोप्या, टाकून ही माणसं उन्हाळ्यापर्यंत राहतात. परत येतात तेव्हा त्यांच्या किडन्यांवर ताण पडलेला असतो, हे सरांना ओपीडीत बसून कळलं होतं. उन्हातलं काम, अपुरं पाणी आणि अंगदुखीसाठी दुकानातून घेतलेल्या गोळ्या. सरांचा प्रश्न साधा होता. हंगामात दर आठवड्याला डॉक्टर या माणसांशी फोनच्या पडद्यावर बोलला, त्यांना वेळेत टोकलं, तर किडन्या वाचतात का? काही टोळ्यांना फोन द्यायचा, काहींना नाही. कुणाला द्यायचा ते चिठ्ठ्या टाकून ठरवायचं. फोन नसलेल्यांची फक्त जाताना आणि आल्यावर तपासणी. शेवटी दोन्हीकडचं ताडून बघायचं. उत्तर 'हो' आलं असतं तर अभ्यासाला पैसे देणारं विद्यापीठ प्रत्येक तळावर अशी सोय मागणार होतं, आणि सरकारकडे मागायचं तर हातात पक्का पुरावा हवा. सरांनी यासाठी हंगामामागून हंगाम घातले होते. निवृत्ती जवळ आली होती. आयुष्यात हे एक काम नीट करून जायचं, असं ते फारसे कधी बोलले नाहीत, पण आम्हाला कळत होतं.

मी स्वतः तेलगावची. आमच्या घरचा ऊस. आमच्या बांधाला दरवर्षी कोप्या पडायच्या आणि मला त्या लांबून दिसायच्या. त्यांच्या आत कशी चूल मांडलेली असते ते मात्र मी सरांच्या सतरंजीवर बसून, पडद्यावर पाहिलं.

हंगामाआधीची तपासणी शिरूर कासारजवळच्या एका गावात, दूध संस्थेच्या खोलीत व्हायची. दुष्काळाने जनावरं चारा छावणीत गेलेली, दूध आटलेलं, खोलीत नुसता आंबूस वास उरलेला. संस्थेचे चेअरमन म्हणाले, "डाक्टर, दूध मापायचं तर न्हाई ऱ्हायलं, आता माणसं मापा."

तिथे मी सरांची सगळ्यात विचित्र सवय पाहिली. संशोधनात भाग घ्यायला माणसाची संमती लागते. बाकी ठिकाणी कागद वाचून दाखवतात आणि अंगठा घेतात. सर आधी प्रत्येकाला नकार द्यायला शिकवायचे.

"माझ्या तपासणीत यायचं का न्हाई, ते तुमच्या हातात हाय. म्हना, न्हाई."

समोरची बाई पदरात तोंड लपवून हसायची. "आसं कसं म्हनावं, डाक्टर?"

"म्हनून तर बघा. मोठ्यानं."

"न्हाई."

"आता मी म्हनतो, आवो बाई, तुमच्याच भल्याचं हाय. तरीबी म्हना."

"न्हाई!"

"हां. आता येतं तुमाला. आता इचार करून सांगा, यायचं का?"

बाहेर रांगेत बसलेल्या बाया तो 'न्हाई' ऐकून फिदीफिदी हसायच्या. आत आल्यावर एकेकीचा 'न्हाई' इतका खणखणीत निघायचा की चेअरमन दचकून खिडकीशी यायचे. एक पोरसवदा सून तर थांबेचना. न्हाई, न्हाई, न्हाई म्हणत राहिली आणि मग तिचे डोळे भरून आले. सरांनी तिला पाणी दिलं आणि यादीत तिचं नाव घेतलं नाही. जाताना गाडीत म्हणाले, "तिला पहिल्यांदाच कुणी विचारलं असेल."

अशाने आमच्या अभ्यासात माणसं कमी पडायची. विद्यापीठातून विचारणा व्हायची की इतके नकार का. सर लिहून कळवायचे, आम्ही शिकवले म्हणून.

पडद्यावरच्या तपासणीचेही त्यांचे रिवाज होते. फोन लागला की पहिल्यांदा पाणी. सर आपला पेला उचलून दाखवायचे आणि पलीकडच्याने आपला तांब्या उचलायचा. दोघं मिळून पाणी प्यायचे, मग बोलणं. घरी आलेल्या माणसाला आधी पाणी देतात, तेवढंच त्यात होतं असं मला आधी वाटलं. मग लक्षात आलं की तेवढ्यात सर बघून घेतात: हात थरथरतो का, घोट घेताना दम लागतो का, तांब्यात पाणी आहे की नुसता तांब्या उचललाय. मग ते इतक्या हळू बोलायचे की समोरचा माणूस ऐकायला पुढे वाकायचा आणि त्याचे डोळे पडद्यावर भले मोठे दिसायचे. "मी मोठ्यानं बोललो तर ती मागं सरतात," म्हणायचे.

आणि त्यानंतर ते वाक्य. "आधी पाय दाखवा." तोंड सगळ्यात शेवटी. तोंड काय, डॉक्टर दिसला की माणूस तोंड सारखं करतो, हसतो, बरं आहे म्हणतो. पायांना तसं येत नाही, असं सरांचं मत. फोन भुईला लावला जायचा आणि पडद्यावर पाय यायचे, उसाच्या पाचटाने चिरलेले, राखेने पांढरे, जोडवी घातलेले, पट्टी बांधलेले. सरांना माणसं पायांवरून आठवायची. कॉलेजच्या गेटवर कुणी भेटलं आणि ओळख पटेना, तर सरांची नजर खाली जायची आणि "अरे, तू होय!" म्हणायचे.

ती सकाळ संक्रांतीनंतरची होती. कृष्णाकाठच्या एका सहकारी कारखान्याचा तळ, फोन असलेली टोळी. बोलायची पाळी कौसाबाईची होती. कौसाबाई म्हणजे त्या टोळीतली सगळ्यात बोलघेवडी बाई, सरांनाच तुमची तब्येत कशी हाय म्हणून विचारणारी. पण आज पडद्यावर आलेली बाई पदर पुढे ओढून गप्प बसली होती. पाणी प्यायचं झालं, तर तिने एक घोट घेऊन तांब्या खाली ठेवला आणि श्वास घ्यायला थांबली.

"पाय दाखवा."

पाय आले. सुजलेले होते, जोडवी रुतलेली. सरांनी तिला अंगठ्याने नडगीवर दाबायला सांगितलं. दाबलं, सोडलं, खळगा तसाच राहिला. मी कौसाबाईची आधीची माहिती काढली आणि म्हणाले, "सर, मागच्या आठवड्यात अजिबात सूज नव्हती." सरांनी माझ्याकडे न बघता हात वर करून मला गप्प केलं. कौसाबाईच्या उजव्या पायावर कोयत्याच्या जुन्या जखमेचा मोठा वण होता. या पायावर नव्हता.

"कौसाबाई कुठं हायेत?" सरांनी हळूच विचारलं.

"त्या मोळ्या बांधायल्यात," बाई म्हणाली आणि मग तिच्या लक्षात आलं. पदर आणखी पुढे आला.

"भिऊ नका. तुमी कोन?"

"मथुरा. त्यांची धाकली जाऊ. आमी दुसऱ्या टोळीत हाव, तळ एकच. आमच्या टोळीची चिट्टी न्हाई निघाली ना, डाक्टर. जाऊबाई म्हनल्या, माझ्या पाळीला तू बस, मला कायबी झालेलं न्हाई, तुलाच दाखवायची गरज हाय."

मी कपाळाला हात लावला. फोन नसलेल्या टोळीतली बाई फोनवर आली म्हणजे दोन गटांतली भिंतच पडली. सरांना हे माझ्याआधी कळलेलं असणार. पण ते विचारत होते की लघवी किती होते, गोळ्या कोणत्या घेता. दुकानातल्या पांढऱ्या गोळ्या, सकाळी एक, संध्याकाळी एक. त्याशिवाय हात उचलत नाही. पाणी? उसाच्या फडात लघवीला जायला आडोसा नसतो, म्हणून ती दिवसभर पाणीच पीत नसे. लघवी दोन दिवसांत जवळपास थांबल्यासारखी झाली होती.

"तुमच्या मालकाला बोलवा. आत्ता."

नवरा आला. तिशीतला, उसाच्या कुसाने भरलेला, रात्रीच्या गाड्या भरून डोळे लाल झालेला. त्याने उभ्यानेच ऐकून घेतलं. बायकोला आजच्या आज जवळच्या दवाखान्यात नेऊन रक्त तपासायचं आणि तिथून थेट आमच्याकडे आणायचं, असं सर सांगत होते.

"सायेब, ती गेली तर कोयता मोडतो. मी एकटा तोडून मोळ्या कवा बांधू?" मग जरा चढ्या आवाजात म्हणाला, "आन् आमी तुमच्या त्या तपासणीत न्हाईच ना? चिट्टी न्हाई निघाली तवा कुनी इचारलं न्हाई. आता कावून हुकूम करायले?"

 सरांनी चष्मा काढला. "तुमचं बरोबर हाय," म्हणाले. "हुकूम करायचा मला हक न्हाई. पर हिच्या किडन्या बंद पडायल्यात, दादा. दोन दिवसांनी हिला झोपून श्वास घेता येनार न्हाई. मी हात जोडतो." आणि खरोखरच पडद्यासमोर हात जोडून बसले.

तेवढ्यात पडद्याच्या कडेला आणखी एक चेहरा घुसला. घामाने डबडबलेली कौसाबाई होती, मोळी टाकून पळत आलेली. तिने दिराकडे बघितलंही नाही, सरळ फोनमध्ये बघून म्हणाली, "मी लावून देते तिला दवाखान्यात, डाक्टर. हा तोडंल, मी आमच्यासंग ह्याच्याबी मोळ्या बांधते. कोयता काय मोडत न्हाई."

दीर म्हणाला, "वैनी, तुमाला झेपायचं न्हाई."

"गप रे. गाडी बघ जा."

मथुरा तिसऱ्या दिवशी आमच्या वॉर्डात पोचली ती बसून श्वास घेत. डायलिसिस करावं लागलं, पुन्हा करावं लागलं. सर सकाळ-संध्याकाळ येऊन तिच्या लघवीचं माप बघायचे आणि ते वाढलं की सिस्टरांना असं सांगायचे की जणू घरात पाळणा हलला. किडन्या सावरल्या, पण पूर्ण नाही. ऊसतोडीला मात्र आता जायचं नाही, हे पक्कं झालं.

बाई वाचली होती. आता अभ्यासाचा प्रश्न होता आणि मला तो फारसा अवघड वाटत नव्हता. मी म्हणाले, "सर, ही एक चुकून आलेली. तिला आणि कौसाबाईला वगळू. बाकी सगळं जागेवर आहे." अधिष्ठात्यांचंही तेच मत होतं. विद्यापीठाचे लोकही म्हणाले की असं एखादं होतंच.

 दोन दिवसांनी सतरंजीवर बसून सरांनी एकेका तळाला फोन लावायला सुरुवात केली. पाणी झालं, पाय झाले आणि मग अगदी सहज, जेवलात का विचारावं तसं विचारलं, "तुमच्या पाळीला आनखी कोन कोन बसलं हो?"

लपवाछपवी कुणीच केली नाही. लपवण्यासारखं काही आहे हेच त्यांना वाटत नव्हतं. "माझी सासू बसली दोन बारीला, तिला लई कमी दिसायलंय." "पल्याडच्या कोपीतली पोरगी बसली, पोटुशी हाय ती." "आमच्या टोळीतले निम्मे आन् त्या टोळीतले निम्मे, आसं पाळीनं चाललंय." एका मुकादमाने तर छाती पुढे काढून सांगितलं, "डाक्टर, आमी कुनाला माघारी लावलं न्हाई. एकट्यापुरता फोन ठिवायला लाज वाटती." प्रत्येक तळावर बिनफोनवाल्या टोळ्यांना सरांनी सांगितलेलं सगळं कळलं होतं: पाण्याच्या कळशा फडात जात होत्या, बायांनी पाचटाचा आडोसा उभारला होता, गोळ्या कमी झाल्या होत्या. दोन गट राहिलेच नव्हते. ताडून बघायला काही उरलं नव्हतं.

शेवटचा फोन ठेवल्यावर सर हसायला लागले. मी त्यांना तसं हसताना कधी पाहिलं नव्हतं. गळ्याचं बटण सोडावं लागलं. मग डोळे पुसून म्हणाले, "चूक माझी. मी चिठ्ठ्या टोळ्यांच्या टाकल्या, तळांच्या टाकायला हव्या होत्या. तळ एक, पाण्याचा टँकर एक, जावा-जावा एकमेकींच्या शेजारी चूल मांडून बसलेल्या. आणि मी म्हणतो, तू बोल, तू बोलू नको. वडगावात जन्मलेल्या माणसाला हे सुचू नये?"

मला त्यांचा राग आला होता. अजूनही थोडा येतो. "विचारलंच कशाला, सर?" मी म्हणाले. "विचारलं नसतं तर कुणाला कळलं असतं?"

"मला शंका आली होती," ते म्हणाले. 

विद्यापीठाच्या बैठकीत सरांनी हे सगळं जसंच्या तसं सांगितलं. मी बाजूला बसले होते. समोरचे लोक सभ्य होते, कुणी आवाज चढवला नाही. एकाने फक्त असं विचारलं की सर, आपल्याला हे लिहून दिल्यावर काय होईल याची कल्पना आहे ना. सरांनी मान हलवली. त्या उन्हाळ्यात प्रकल्प बंद झाला. पडदा सभागृहात गेला, फोन परत मागवले गेले, माझी नेमणूक वॉर्डात झाली. टेबल आणि खुर्च्या आत आल्या आणि त्या खोलीत परीक्षा विभागाने उत्तरपत्रिकांचे गठ्ठे रचले. सरांच्या इतक्या वर्षांच्या कामाची एक ओळही कुठे छापून आली नाही. नव्याने मागणी करायला वेळ उरला नव्हता. पुढच्या वर्षी ते निवृत्त होणार होते. ते कधी कुरकुरले नाहीत, पण त्या पावसाळ्यात, जो आमच्याकडे पुन्हा नावापुरताच आला, ते एकदम म्हातारे दिसायला लागले. ओपीडीत पेशंट समोरच्या स्टुलावर बसायचा आणि सर क्षणभर विसरून भुईकडे बघत राहायचे. मला ते बघवायचं नाही.

दसऱ्याच्या आधी मथुरा तपासणीला आली. बरोबर कौसाबाई. दोघी आत येऊन भिंतीला चिकटून उभ्या राहिल्या. कौसाबाई, जी पडद्यावर सरांनाही बोलू द्यायची नाही, ती आज तोंड उघडत नव्हती. सरांनी मथुराचा रक्ताचा रिपोर्ट बघितला, बरं आहे म्हणाले, मिठाचं पुन्हा सांगितलं. तरी दोघी हलेनात.

शेवटी मथुराच म्हणाली, "डाक्टर, एक इचारू का? गावात म्हनत्यात, आमी नाव बदलून बसलो म्हनून तुमचं सारं काम बुडालं. तुमचा फोनबी काढून नेला. खरं हाय का?" तिने कौसाबाईकडे बोट केलं. "जाऊबाईला तवापासून झोप न्हाई. म्हनती, एका जिवापायी मी देवमानसाचं वाटुळं केलं. म्या मेले आस्ते तर बरं झालं आस्तं, आसंबी मला वाटतं."

  सर आता खरं सांगणार, आकड्यानिशी सांगणार, चूक माझी होती इथपासून सुरू करणार आणि काम बुडालं इथे येणार, आणि या बाया ते ओझं घेऊन शिरूरची गाडी धरणार, असं मला स्पष्ट दिसत होतं.

"कोन म्हनलं?" सर म्हणाले. आवाज जरा वरच लागला. "काम बुडालं? लेकी, काम पुरं झालं. वरच्या लोकांनी लई नावाजलं. मला बोलावून सत्कार केला. काय गं?" हे माझ्याकडे बघून.

"हो," मी म्हणाले. "शाल दिली."

"शाल दिली," सर म्हणाले. "आन् तो फोन दुसऱ्या जिल्ह्यात दिलाय. तिथं जास्त गरज व्हती. तुमी आलात म्हनून तर मला कळलं, काम कुठं कमी पडायलंय. तुमी न्हाई आल्या आस्त्या तर फसलो आस्तो."

कौसाबाई सरांच्या तोंडाकडे टक लावून बघत होती. मग एकदम तिचे खांदे खाली आले आणि तिने जावेच्या पाठीत एक धपाटा घातला. "म्या म्हनलं व्हतं की न्हाई तुला? लोकं कायबी बोलत्यात!" मथुरा रडत हसत होती. दोघींनी वाकून नमस्कार केला, सरांनी तो घाईघाईने अडवला आणि दोघी बोलत बोलत बाहेर पडल्या. व्हरांड्याच्या टोकापर्यंत कौसाबाईचा आवाज ऐकू येत होता, ती वाटेत भेटेल त्याला शालीचं सांगत होती.

मी सरांकडे बघितलं. त्यांचे कान लाल झाले होते आणि कपाळावर घाम आला होता. ते रुमाल शोधत होते, तो त्यांच्या हातातच होता.

"त्यांना खरं वाटलं ना गं?" त्यांनी दबक्या आवाजात विचारलं. "काही चुकलं तर नाही ना माझं बोलताना?"

"नाही, सर," मी म्हणाले. "खरं वाटलं त्यांना." आणि माझे डोळे त्यांना दिसू नयेत म्हणून मी पुढच्या पेशंटला हाक मारायला दाराकडे गेले.